पहिल्या गाडीचं नवं

नाशकात द्वारकेच्या चौकात माझा ट्रक एकदा अडकला, की सुटेपर्यंत माझी दाढी वाढते. खोटं वाटत असेल तर माझ्या न्हाव्याला विचारा. मागं एकदा मी तिथं थांबलो तेव्हा शेजारी एका दुकानाचा पाया खणत होते, आणि पुढची गाडी हलली तेव्हा त्याच दुकानात उद्घाटनाचे पेढे वाटत होते. मी उतरून दोन पेढे खाल्ले, एक खिशात टाकला आणि मग पहिला गिअर टाकला. सांगायचा मुद्दा असा, की मी धीराचा माणूस आहे. लाकूड वाहणाऱ्याला धीर धरावाच लागतो.

आणि लाकूड मी किती वाहिलंय! ते सगळं एकावर एक रचलं तर चंद्रावर घर बांधून वर दोन वासे उरतील. साग, ऐन, खैर, सगळं सुरगाण्याच्या आणि पेठच्या डोंगरातून उतरवायचं आणि नाशकातल्या वखारीत टाकायचं. तेव्हाची पद्धत अशी होती, की जंगलाचा एखादा तुकडा तोडीला निघायचा, त्याला कूप म्हणत, आणि तो कंत्राटदाराला मिळायचा. कंत्राटदार शहरातला, कुऱ्हाडी पाड्यावरच्यांच्या. पिढ्यान्‌पिढ्या जे जंगल त्यांनी राखलं, तेच तोडायला ही माणसं रोजानं जायची. माझा ट्रक माल घेऊन उतरला, की मागोमाग एक पिकअप यायची आणि तिच्यात माणसं भरायची. कोणी निफाडला द्राक्षाच्या बागेत, कोणी चांदवडला कांद्यात. एकाच रस्त्यानं आधी लाकूड उतरायचं, मग माणसं उतरायची. पाड्यावर म्हातारी मंडळी आणि कोंबड्या तेवढ्या राहायच्या. रिकाम्या घरांना कुलूपसुद्धा नसायचं. दारात बोराटीची एक फांदी आडवी लावली, की झालं.

अलीकडं वारं फिरलं. काही पाड्यांना त्यांच्या जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. म्हणजे बांबू कधी तोडायचा, कुठला राखायचा, कोणाला विकायचा हे गावाची सभा ठरवणार. मालासोबतचा वाहतुकीचा पाससुद्धा सभाच देणार. हे मी द्वारकेच्या टपरीवर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा इतका हसलो, की माझ्या तोंडातला चहा उडून शेजारच्याच्या कपात पडला. त्यानं तो प्यायलासुद्धा, कारण तोही हसत होता.

होळी होऊन गेली होती. एका सकाळी फोन आला.

"डायवरभाऊ, तुजी गाडी रिकामी हाय का?"

आवाज ओळखीचा होता. सुरगाण्याच्या पलीकडं, गुजरातच्या अंगाला एक पाडा आहे, तिथली ही बाई. कंत्राटदाराच्या कामावर असताना माझ्या ट्रकमध्ये माल चढवायला असायची. आता ती त्यांच्या जंगल समितीची अध्यक्ष झाली होती. पाड्यावरचे तिला अध्यक्षीण म्हणत, आणि म्हणताना प्रत्येक जण थोडा हसत असे, तीसुद्धा.

"आहे की, ताई. कुणाचा माल?"

"आमचा."

"म्हणजे कुणाचा?"

"आमचा म्हनते ना! बांबू हाय. आमचा."

तिनं तो शब्द इतक्या वेळा म्हटला, की मला वाटलं नेटवर्क अडखळतंय.

भानगड अशी होती. ती, तिचा धाकटा भाऊ आणि भावजय दरवर्षी चांदवडला एकाच मालकाच्या शेतात कांदा काढायला जायची. कांदा साठवायला तिकडं चाळ बांधतात, जमिनीपासून उचललेली, खालून-बाजूनं बांबूची, म्हणजे वारा खेळतो आणि कांदा सडत नाही. त्या मालकाच्या चाळीचा बांबू कुजलेला हिनं गेल्या हंगामात पाहिला. कांद्याची पात कापता कापता म्हणाली, "मालक, पुढल्या सालाला बांबू मी देते." मालक हसला आणि हो म्हणाला. कामावरची बाई काहीतरी बोलते, आपण हो म्हणायचं, इतकंच त्याच्या मनात असणार. पण ही घरी गेली आणि सभेत उभी राहिली. कंत्राटदार नेहमीसारखा बोली घेऊन आला होता. तिनं त्याला परत पाठवायला लावलं. म्हणाली, आपला आपण तोडू, आपला आपण विकू. गिऱ्हाईक माझ्याकडं हाय.

आता तो शब्द खरा करायचा दिवस उगवला होता. मालकाचा कांदा शेतात उघड्यावर, आभाळ भरून येत होतं, आणि त्यानं स्पष्ट सांगितलं होतं, संध्याकाळच्या आत गाडी आली तर ठीक, नाहीतर कंत्राटदाराचा बांबू उतरवून घेतो. ही पहिली गाडी विकली गेली तर पाड्याची तोड पुढं चालणार होती. नाही गेली, तर आठवड्याभरात कंत्राटदार वर येणार होता आणि अध्यक्षीण पिकअपमधून खाली जाणार होती. बाकीचे ट्रकवाले कंत्राटदाराचे बांधलेले. उरलो मी.

मी निघालो. तो शेवटचा घाट मी काय सांगू! चढ असा, की हॉर्न वाजवला तर तो आपल्या आधी वर पोहोचतो आणि चहा टाकायला सांगून ठेवतो. एका वळणावर माझ्याच ट्रकचा मागचा नंबर मला समोर वाचता आला.

वर पोहोचलो आणि इंजिन बंद करायचंच विसरलो. डिझेलचा थेंब थेंब मोजणारा माणूस असं विसरतो म्हणजे काय ते समजा. माळावर बांबू रचलेला होता, आणि रचला होता कसा! कंत्राटदाराचा ढीग मी जन्मभर पाहिला होता. कोवळा, जून, वाकडा, सगळा एकत्र कोंबलेला, कारण तोडणाऱ्याला बांबूचं बेट जगलं काय आणि मेलं काय, सारखंच. इथं एकेक बांबू जून, सरळ, पेराच्या वर नेटका कापलेला. पलीकडं उतारावर बेटं उभी होती ती तोडलेली वाटतच नव्हती. नुसती भांग पाडून तेल लावल्यासारखी. त्या ढिगावर हात फिरवला तर, देवाशपथ, तो गुळगुळीतपणामुळं कोपरापर्यंत घसरत गेला.

"बघतोस काय? चढवायला लाग," अध्यक्षीण म्हणाली. त्या डोंगरात सगळे सगळ्यांना अरे-तुरे करतात. कलेक्टर आला तरी 'तू बस' म्हणतील आणि त्याच्यासाठी कोंबडी कापतील.

बाया-बापे लागले कामाला. खालून एकानं उचलायचा, दुसऱ्यानं झेलायचा, वरच्यानं बसवायचा. एकदा ताल धरला तो असा, की ट्रकची चाकं जागच्या जागी डोलायला लागली. भरत आली गाडी. मी दोर काढले. इतक्यात पाड्याचे भगतबाबा काठी टेकत आले. देवाधर्माचं, दुखण्याखुपण्याचं, पाऊसपाण्याचं सगळं त्यांच्याकडं. वय विचाराल तर समोरचा डोंगर लहान असताना त्यांनी त्याला खेळवला असेल. त्यांनी ट्रककडं पाहिलं आणि सहज विचारलं,

"नवं झालं का?"

"कशाचं नवं, बाबा?" अध्यक्षीण म्हणाली.

"बांबूचं."

सगळे हात थांबले. एक बांबू तर खालून फेकलेला होता, वर पोहोचायचा होता. तो मधल्या मध्ये हवेत थांबला. मी डोळ्यांनी पाहिला.

नवं म्हणजे काय, ते सांगतो. तिकडं नवा भात असो, नागली असो की पहिल्या पावसाळी भाजीची पानं, आधी देवापुढं ठेवायची, मग घरातल्या प्रत्येकानं चाखायची, दारात पाहुणा असेल तर त्यानंही. त्याच्या आधी कोणी तोंडाला लावणार नाही, मग बाजाराला नेणं तर लांबच. हे सगळ्यांना माहीत होतं. पण बांबूचं नवं करायचं हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि आता ध्यानात आल्यावर पाड्यातलं एकही माणूस 'चालतंय हो' म्हणेना. उलट, एवढी साधी गोष्ट कशी विसरलो म्हणून एकमेकांकडं बघायला लागले.

मी घड्याळ पाहिलं, आभाळ पाहिलं आणि पुढं झालो. "बाबा, हा काय खायचा बांबू आहे का? पावसाळ्यातला कोंब वेगळा. हा वाळका कळक चावला तर दात हातात येतील."

"मला दात हायेतच कुठं," भगतबाबा म्हणाले, आणि तोंड उघडून दाखवलं. बाया हसल्या. "खायाचा नाय रं. वापरायचा. दर घरानं एक घ्यायचा, कामाला लावायचा. मंग बाकीचा नेऊन विका. आधी विकला तर बेट फुलंल."

बांबू फुलला म्हणजे मेला. अख्खं बेट वाळून जातं. ही धमकी ऐकून ट्रकमधले बांबूसुद्धा थरथरले.

"पण बाबा," मी म्हटलं, "इतकी वर्षं इथला बांबू तुटतोय. मी स्वतः नेलाय. तेव्हा कुठं गेलं होतं हे नवं?"

"तवा आपला कुठं होता?" भगतबाबा म्हणाले. "आधी सरकारचा होता, मंग कंत्राटदाराचा होता. आन् राती गुपचूप आनला तर चोरीचा होता. चोरीच्या मालाचं कोन नवं करतं?"

आता याच्यावर बोला काय बोलायचं ते. मी वखारवाल्यांशी, नाक्यावरच्यांशी, बायकोशी वाद घालून जिंकलेला माणूस. पण तिथं मी हातातले दोर परत गाडीत टाकले. वनहक्काचा कागद पाड्यावर कधीच आला होता, त्याची पूजा होऊन तो पत्र्याच्या पेटीत गेला होता. पण जंगल आपलं झालं हे त्यांना खरं तर आत्ता, नवं विसरल्यावर उमगत होतं.

"उतरवा," अध्यक्षीण म्हणाली. "दर घरामागं एक."

मग जे झालं ते बघायला तुम्ही हवे होतात. अख्ख्या पाड्याचा कारखाना झाला. कोयते असे चालले, की वाऱ्याला मधून जायला जागा मिळेना. बांबू उभा चिरायचा, त्याच्या कामट्या काढायच्या, आणि बघता बघता हातात काहीतरी तयार. एकीनं कोंबड्यांचं डालगं विणलं. ते इतक्या पटकन, की कोंबडी आत आहे हे कोंबडीला नंतर कळलं. एका घरानं गोठ्याच्या दाराला अडणा केला, एकानं शिडी, एकानं दाराची ताटी. एक म्हातारी पाळण्याची दांडी तासत बसली. मी विचारलं, "आजी, नातू झाला का?" तर म्हणाली, "व्हईल की! सून आता इथंच ऱ्हाणार हाय ना." सगळे असे हसले, की सून घरात पळाली.

पाहुणा म्हणून माझ्याही हातात एक बांबू आला. नव्यातून पाहुण्याला सुटका नाही. मी म्हटलं, बघताय काय, मीही टोपली विणतो. विणली. ती पाहून एक कावळा खाली उतरला, तिच्यात बसून पाहिलं आणि मान हलवून उडून गेला. बाया पोट धरून लोळल्या. शेवटी मी उरलेल्या तुकड्याचा एक दांडा कापला आणि टायरातली हवा बघायला खाड्‌खाड् चारी बाजूंनी ठोकून आलो.

"झालं का, बाबा?"

"वापरलास ना? झालं."

सगळी घरं झाली असं वाटलं, तेव्हा भगतबाबांनी काठीनं टोकाचं एक घर दाखवलं. दारात बोराटीची फांदी. अध्यक्षीण खाली बघत म्हणाली, "माझा भाऊ."

भाऊ आणि भावजय तोड सुरू व्हायच्या आधीच चांदवडला निघून गेली होती. जाताना दोघा भावंडांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. तो म्हणाला होता, कागदानं पोट भरत नाय. ती म्हणाली होती, तुला जंगलापेक्षा मालकाचा कांदा गोड लागतो. तेव्हापासून बोलणं बंद.

"त्यांचं राहू द्या ना," मी म्हटलं. "घरात माणूसच नाही तर नवं कोण करणार?"

"मानूस नाय, पण घर हाय ना?" भगतबाबा म्हणाले. "एक घर सोडलं तर ते गावाचं नवं कसलं?"

तेवढ्यात माझा फोन वाजला. त्या पाड्यावर फोन नुसता वाजतो, बोलणं ऐकू येतं ते झाडावर नाहीतर भरलेल्या ट्रकवर चढून उभं राहिलं तरच, आणि नेटवर्क तेही गुजरातचं. मी ट्रकवर चढलो. चांदवडचा मालक होता.

"ओ ड्रायव्हर, कुठंय गाडी? इथं आभाळ डोक्याला लागलंय! कंत्राटदाराची गाडी येऊन उभी हाये बांधावर!"

"निघालोच आहे, मालक. हा काय, कळवण दिसायला लागलं," मी म्हटलं. ट्रकवर उभं राहून मान लांब केली तर दिसलं असतंही.

मी खाली उतरेपर्यंत अध्यक्षिणीनं ठरवलं होतं. भावाच्या वाट्याचा बांबू तिनं वेगळा काढला आणि केबिनच्या बाजूला बांधला. "बाबा, ह्यो मी त्याच्या हातात देते. त्यानं वापरला तर विकते. नाय वापरला तर गाडी हाय तशी माघारी आनते."

"ताई!" मी ओरडलो. "अहो, गाडी भरून चांदवडला न्यायची आणि भरून परत?"

"चल, बस," ती म्हणाली आणि माझ्या आधी केबिनमध्ये जाऊन बसली.

सुरगाण्यातून कळवण, कळवणवरून देवळा, तिथून चांदवड. मी गाडी पळवली ती अशी, की कळवणच्या बाजारात लोकांना आधी धूळ दिसली, मग आवाज आला आणि आम्ही कोणालाच दिसलो नाही. वाटेत वनखात्याच्या नाक्यावर गाडी थांबवली. तिथल्या माणसानं पास वाचला, खालचा ग्रामसभेचा शिक्का पाहिला, मग केबिनमध्ये वाकून विचारलं, "शिक्का मारणारे कोण?" अध्यक्षीण म्हणाली, "मी." त्यानं तिच्याकडं पाहिलं, भरलेल्या गाडीकडं पाहिलं, आणि फाटक स्वतः हातानं वर उचलून धरलं. माझ्यासाठी आजवर ते कोणी उचललं नव्हतं. मीच उतरून उचलायचो.

चांदवडच्या शिवारात पोहोचलो तेव्हा आभाळ काळं झालं होतं. कांद्याचे ढीग ताडपत्रीखाली, जुनी चाळ मोडून तिची जागा मोकळी केलेली, आणि बांधावर कंत्राटदाराचा ट्रक. कंत्राटदार स्वतः बॉनेटवर हात ठेवून उभा होता. मालक धावत आला.

"या, या! लावा मागं गाडी. उतरवा पटापट."

"थांबा, मालक," अध्यक्षीण केबिनमधून उतरत म्हणाली. "अजून विकायचा नाय."

मालकाचं तोंड उघडं ते उघडंच. "अगं... अहो ताई, मग आणलाय कशाला? दाखवायला?"

कंत्राटदार मोठ्यानं हसला. तिनं लक्ष दिलं नाही. भावाच्या वाट्याचा बांबू खांद्यावर घेतला आणि शेताच्या कडेला मजुरांच्या झोपड्या होत्या तिकडं चालायला लागली. झोपड्या म्हणजे दोन फांद्या आणि वर निळं प्लास्टिक. भाऊ-भावजय ढीग झाकून तिथं नुकतीच टेकली होती. दोन-चार दिवसांत मुकादम त्यांना पुढच्या शिवारात हलवणार होता. बहिणीला बघून भावानं तोंड फिरवलं.

"तुज्या घराचा वाटा आनलाय," ती म्हणाली. "बांबूचं नवं हाय."

"गाव सोडलं तवा कोनी थांब म्हनलं नाय. आता नव्याला बरी आठवन झाली."

"थांब म्हनलं व्हतं. तू ऐकलं नाय."

"तू भांडत व्हतीस. त्याला थांब म्हनत नाय."

"मंग कसं म्हनतात?"

भावजयीनं एकदा नवऱ्याकडं, एकदा नणंदेकडं पाहिलं आणि चुलीतलं लाकूड उगाच पुढं सरकवलं. अध्यक्षिणीनं बांबू झोपडीच्या तोंडाशी आडवा ठेवला आणि तिथंच मातीत बसली. मागून मालक घड्याळ दाखवत होता, कंत्राटदार त्याच्या कानाशी लागला होता. मी मध्ये उभा. आजवर मी माल उतरवायला थांबलोय, पंक्चरला थांबलोय. एका भावाचा राग उतरायला थांबायची ही पहिलीच वेळ.

"ताई," मी हळूच म्हटलं, "त्याला नुसतं हातात धरायला सांगा ना. भगतबाबा काय इथं बघायला आलेत?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की माझी मिशी आपोआप खाली झाली. "मी हाय ना बघायला," ती म्हणाली.

मालकाचा धीर सुटला. "हे बघा, मला तुमचा देवधर्म कळतो. मीसुद्धा पहिल्या कांद्याची पाटी देवाला दाखवल्याबिगर बाजारात नेत नाय. पण पाऊस थांबणार नाय, ताई. मी याची गाडी लावून घेतो." आणि त्यानं कंत्राटदाराला हात केला. कंत्राटदाराचा ट्रक चालू झाला.

तेवढ्यात वारं सुटलं. वारं म्हणजे कसलं! सटाण्याच्या बाजूनं आलं ते वाटेतल्या शेणाच्या गोवऱ्या, एक पत्रा आणि एक बकरी घेऊन आलं. बकरी अजून माझ्या एका दोस्ताकडं आहे. कंत्राटदाराच्या ट्रकची काच धुळीनं बंद झाली, गाडी जागेवर थांबली. आणि भावाच्या झोपडीची एक फांदी कडकन मोडली. प्लास्टिक फडफडत वर गेलं. भाकरी, गोधड्या, पिठाचा डबा, सगळं उघडं.

"अवं, धरा!" भावजय ओरडली.

भावानं झडप घातली. हाताशी आलं ते उचललं, आणि हाताशी होता तो बांबू. तो त्यानं प्लास्टिकखाली सरळ उभा ठोकला, कमरेचा दोर सोडून वरून आवळला, पायानं बुडाशी माती दाबली. भावजयीनं दुसरं टोक दगडाखाली घातलं. प्लास्टिक फुगलं, ताणलं, बांबू धनुष्यासारखा वाकला, पुन्हा सरळ झाला आणि उभा राहिला. धुळीत दोघं त्याला धरून उभी होती.

वारा जरा बसला, तेव्हा भावाला आपण काय धरलंय ते दिसलं. त्यानं बहिणीकडं पाहिलं. ती मातीतच बसलेली होती, डोळ्यांत धूळ गेलेली, आणि हसत होती.

"झालं," ती म्हणाली. उठली, साडी झटकली आणि वळून ओरडली, "मालक! विकला! घ्या उतरून!"

उतरवणं म्हणजे काय असतं ते त्या दिवशी चांदवडनं पाहिलं. मी, मालक, मालकाची दोन्ही पोरं, भाऊ, भावजय, आणि काय सांगू, कंत्राटदाराचा ड्रायव्हरसुद्धा उतरून आला, कारण त्याला त्याच्या गाडीतून नुसतं बघवेना. टपोरे थेंब पडायला लागले तोवर बांबू ताडपत्रीखाली होता. मालकानं एक उचलून वाकवून पाहिला, दुसरा पाहिला, तिसरा पाहिला, आणि मग बघणं सोडून दिलं.

"ताई," तो म्हणाला, "शेजारच्या दोघांनाही चाळी बांधायच्यात. त्यांना सांगू का?"

"सांगा की. पन तोड आमच्या रीतीनं. कोवळा मागितला तर मिळायचा नाय."

कंत्राटदार बाजूला उभा होता. मला वाटलं आता हा काहीतरी वाकडं बोलणार. तो पुढं आला, ढिगातल्या बांबूच्या कापावर अंगठा फिरवला आणि नमस्कार केला. "पुढच्या हंगामाला मलाही द्याल का, ताई? मी माझी गाडी पाठवीन."

"सभेत येऊन विचार," अध्यक्षीण म्हणाली. "मागच्या बाजूला बसायला जागा असती."

हे ऐकून मी माझ्या ट्रकच्या पुढच्या चाकाला मिठी मारली. दुसरं कोण होतं जवळ? जन्मभर मी त्या बाईला त्याच कंत्राटदाराच्या मुकादमापुढं खाली मान घालून उभी पाहिली होती. आणि आता तो उभा आणि ती जागा दाखवतेय! नाशिक जिल्ह्यात मी पुष्कळ मोठी माणसं पाहिलीत, काहींना तर ट्रकमधून सभेलाही नेलंय. पण त्या बाईएवढं उंच मला कोणी दिसलं नाही. उंची मोजायला गेलो असतो तर टेप संपला असता.

पाऊस पाच-दहा मिनिटं शिंपडला आणि निघून गेला. मी दोर गुंडाळत होतो. भाऊ माझ्या ट्रकभोवती उगाच फिरत होता. टायर बघ, आरसा बघ, नंबरप्लेट बघ. मग बहिणीजवळ येऊन थांबला, तिच्याकडं न बघता.

"दुसऱ्या गाडीच्या तोडीला मानसं कमी पडतात काय?"

"पडतात," ती म्हणाली.

"किती?"

"दोन."

त्यानं मान डोलावली. "मुकादमाला विचारावं लागंल. आन् मालकाला बी. आन् हिला पन विचारायला पायजे, तिचं काय मन हाय..."

ट्रकच्या रिकाम्या हौद्यातून भांड्यांचा खडखडाट ऐकू आला, आणि मग भावजयीचा आवाज, "माझं मन कवाचं वर चढून बसलंय! तुमी ते पिलास्टिक सोडा आन् बांबू आना लवकर. डायवरभाऊ थांबायचा नाय."

मी थांबलो असतो. अख्खी रात्र थांबलो असतो. पण तसं बोललो नाही; हॉर्न दिला, जोरात.